आधी पैसा, मग माहिती, शेवटी भाव

रोह्याहून कुंडलिकेच्या कडेने वरच्या अंगाला निघाले की धाटावची औद्योगिक वसाहत लागते. रंगद्रव्ये, शेतीची रसायने, औषधांचे कच्चे घटक हा इथला माल. अशा रसायन उद्योगातली एक नेहमीची पायरी म्हणजे नायट्रो संयुगाला हायड्रोजन देऊन त्याचे अमाइन करणे. हे काम निकेलवर होते, लोखंडाचा कीस वापरूनही होते. पण शुद्धता हवी असेल आणि तापमान बेताचे ठेवायचे असेल, तर कोळशाच्या भुकटीवर बसवलेले पॅलेडियम किंवा प्लॅटिनम वापरतात. आणखी एक पायरी मागे गेले की नायट्रिक आम्ल येते. रायगड जिल्ह्यातच तळोज्याला ते मोठ्या प्रमाणावर तयार होते. अमोनिया आणि हवा यांचे मिश्रण प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तारेच्या बारीक जाळीतून ९०० अंश सेल्सियसच्या आसपास नेतात, तेव्हा कुठे त्या आम्लाची सुरुवात होते. जाळीतला थोडा धातू वायूबरोबर सतत उडून जातो, म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते.

रायगड असा प्लॅटिनम गटाच्या धातूंचा ग्राहक आहे, आणि हा धातू मुळात येतो परदेशातल्या खाणींतून. भारतात प्लॅटिनमची एकही चालू खाण नाही. मग आपल्या जमिनीत तो नाहीच का? आणि असला, तर काढत का नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूविज्ञान देते. दुसऱ्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे, आणि या प्रकरणाचा विषय तीच वही आहे.

कातळ आणि खाण

धाटावच्या पायाखालचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा आहे. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या एका विवरात ९३३ मीटर बेसाल्ट ओलांडल्यावर त्याखालचा जुना पायाखडक लागला, इतके हे थर जाड. जगात असेच लाव्ह्याचे महापूर इतरत्रही आले. सायबेरियातला सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा पूर त्यातलाच, आणि त्याच्याच मुळाशी असलेल्या नोरिल्स्कच्या खाणी आज जगाला सर्वाधिक पॅलेडियम पुरवणाऱ्यांत मोडतात. त्यामुळे दख्खनच्या कातळातही असे काही दडले असेल का, हा प्रश्न भूवैज्ञानिकांना पडणे साहजिक होते.

फरक गंधकाचा आहे. वितळलेल्या शिलारसात प्लॅटिनम गटाचे धातू सगळीकडे विखुरलेले असतात. त्यांना एकत्र आणायला सल्फाइडचे थेंब लागतात. हे थेंब शिलारसातून खाली बसताना धातू ओढून घेतात. नोरिल्स्कला शिलारस वर येताना गंधकयुक्त क्षारांच्या थरांतून आला आणि थेंब भरपूर तयार झाले. सह्याद्रीत असा साठा आजवर सापडलेला नाही. साध्या बेसाल्टमध्ये प्लॅटिनम आणि पॅलेडियम मिळून टनामागे ग्रॅमच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतके असते. धाटावच्या रस्त्याला टाकलेल्या खडीतही प्लॅटिनम आहे, फक्त ते काढायला लागणारा पैसा त्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे.

म्हणून खडक आणि खाण यांच्यामधली सीमा निसर्ग एकदाच आखून ठेवत नाही. भाव, खर्च आणि तंत्र यांच्याबरोबर ती सरकत राहते. कोलार हे आपल्या ओळखीचे उदाहरण. सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेलेली ती सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. सोने संपले म्हणून ती बंद झाली नाही. खोलीबरोबर खर्च वाढत गेला, टनामागे मिळणारे सोने घटत गेले, आणि तेव्हाच्या भावात दोन्हींचा मेळ बसेना. पुढच्या दहा वर्षांत सोन्याचा भाव कित्येक पट झाला, पण तोवर खाणीत पाणी भरले होते. जमिनीखालची खाण एकदा सोडली की भाव वाढला म्हणून दुसऱ्या दिवशी उघडता येत नाही.

टनात चार ग्रॅम

प्लॅटिनमचे खरे माहेर दक्षिण आफ्रिका. तिथल्या बुशवेल्ड भागात सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या शिलारसाच्या प्रचंड बशीसारख्या थरांत धातूच्या पातळ पट्ट्या आहेत. त्यांना तिथे रीफ म्हणतात. हान्स मेरेन्स्की या भूवैज्ञानिकाने १९२४ मध्ये शोधलेल्या पट्टीला त्याचेच नाव मिळाले. जगात खाणीतून वर्षाला १७० ते १९० टन प्लॅटिनम निघते आणि त्यातले सुमारे ७० टक्के या एका देशातून येते.

हे रीफ शेकडो किलोमीटर सलग पसरलेले आहेत, पण जाडीला बहुतेक ठिकाणी मीटरभरही नाहीत. खाणीचे अर्थकारण याच जाडीपाशी सुरू होते. समजा रीफ ७० सेंटिमीटर जाड आहे आणि त्यात टनाला ५.७ ग्रॅम धातू आहे. सत्तर सेंटिमीटरच्या फटीत माणूस ड्रिल घेऊन काम करू शकत नाही, म्हणून वरचा-खालचा निकामा दगडही फोडावा लागतो. एक मीटर उंचीने काढले तर सरासरी ४ ग्रॅमवर येते. छत कच्चे निघाले, सुरुंग जरा जास्त भरला आणि उंची १.२ मीटर झाली, की तीच सरासरी ३.३ ग्रॅम होते. शाफ्टमधून, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीतून, माल वर ओढण्याची ताकद तर ठरलेली असते. त्यामुळे वीतभर जास्तीच्या दगडाने खाणीचे उत्पादन सतरा टक्क्यांनी खाली येते, आणि मजुरी, वीज, दारूगोळा यांचा खर्च जिथल्या तिथे राहतो.

वर आलेला माल दळतात, फेसावर तरंगवून सल्फाइड वेगळे करतात, भट्टीत वितळवतात. मग तांबे-निकेल काढतात आणि शेवटी मौल्यवान धातू एकेक करून सुटे करतात. शंभरातले साधारण पंच्याऐंशी ग्रॅम हाती लागतात. चार ग्रॅमच्या मालातून ३.४ ग्रॅम, म्हणजे एक ट्रॉय औंस (३१.१ ग्रॅम) धातूसाठी नऊ टनांहून जास्त दगड फोडून, उचलून, दळावा लागतो. दगड फुटल्यापासून धातू विकला जाईपर्यंत महिने जातात, आणि तेवढे महिने मजुरी, वीज आणि व्याज यांचे पैसे त्या मालात अडकलेले असतात.

एक कल्पित खाण

आता आकडे मांडू. ही खाण कल्पित आहे आणि सोयीसाठी कर व स्वामित्वधन बाजूला ठेवले आहे. वर्षाला दहा लाख टन माल, टनाला ४ ग्रॅम, हाती ८५ टक्के. म्हणजे वर्षाला ३.४ टन धातू. सर्व धातूंचा मिळून सरासरी भाव ग्रॅमला ३,००० रुपये धरला तर किंमत होते १,०२० कोटी. गाळणारा कारखाना त्यातले १५ टक्के ठेवतो असे मानू; खाणीला मिळतात ८६७ कोटी. टनामागे ६,५०० रुपये खर्च धरला तर वर्षाचा खर्च ६५० कोटी. शिल्लक २१७ कोटी.

शाफ्ट, भुयारे, पंखे, पंप आणि गिरणी यांना सहा वर्षे लागतील व दर वर्षी २५० कोटी, एकूण १,५०० कोटी ओतावे लागतील. त्यानंतर खाण वीस वर्षे चालेल. साधी बेरीज केली तर १,५०० कोटी घालून ४,३४० कोटी परत येतात. गुंतवणुकीच्या जवळजवळ तिप्पट. कोणीही हो म्हणेल.

पण सातव्या वर्षी येणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. दरसाल १० टक्के वटाव धरून पुढच्या सगळ्या रकमा आजच्या किमतीत आणल्या, तर घातलेले पैसे होतात सुमारे १,०८९ कोटी आणि मिळणारे सुमारे १,०४३ कोटी. निव्वळ वर्तमान मूल्य उणे ४६ कोटी. तिप्पट वाटणारा धंदा आतबट्ट्याचा निघाला. काळाने त्याचा नफा खाल्ला.

याच खाणीला आता थोडे हलवून पाहा. भाव १५ टक्क्यांनी पडला तर वर्षाची शिल्लक २१७ वरून ८७ कोटींवर येते. भावातली १५ टक्क्यांची घट शिल्लकीत ६० टक्क्यांची घट होऊन उतरते. भाव १५ टक्के चढला तर शिल्लक ३४७ कोटी आणि वर्तमान मूल्य अधिक ५७९ कोटींच्या आसपास. भाव तोच राहिला पण काम दोन वर्षे रखडले, तर तोटा ४६ वरून २२७ कोटींवर जातो, आणि त्यात रखडलेल्या काळातला पगारपाण्याचा खर्च धरलेलाच नाही.

म्हणून प्रकल्प अहवालातला एकच आकडा पाहून निर्णय घेऊ नये. शाफ्टच्या मुदतीबद्दल आशावाद नेहमी जास्त असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटरीफ या नव्या खाणीचा जवळजवळ एक हजार मीटरचा पहिला शाफ्ट खोदायला २०१६ ते २०२० अशी चार वर्षे लागली, आणि त्यानंतरही धातुक बाहेर पडायला आणखी पाचेक वर्षे गेली. शिवाय खोलीबरोबर दगड तापत जातो. बुशवेल्डमध्ये तो तिथल्या सोन्याच्या खाणींपेक्षा लवकर तापतो, म्हणून थंड हवा खाली पाठवण्याचा खर्च कमी खोलीवरच सुरू होतो.

भाव ठरतो दुसरीकडे

प्लॅटिनमच्या खाणीला एका धातूचा भाव पाहून चालत नाही. त्याच दगडातून पॅलेडियम, ऱ्होडियम, रुथेनियम, इरिडियम, थोडे सोने, निकेल, तांबे आणि काही पट्ट्यांतून क्रोमाइटही निघते. धंद्यातले लोक सगळ्यांचा मिळून हिशेब करतात आणि त्याला बास्केट म्हणतात. एकाच वेळी सगळे भाव पडणार नाहीत, हा त्यातला दिलासा. पण यातल्या तीन मुख्य धातूंचा मोठा ग्राहक एकच आहे, मोटारींच्या धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यामुळे दिलासा दिसतो तेवढा पक्का नाही.

२००८ साली हे सर्वांनी पाहिले. जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत विजेचा इतका तुटवडा झाला की मोठ्या खाणींना काही दिवस काम थांबवावे लागले. पुरवठ्याच्या भीतीने मार्चमध्ये प्लॅटिनम औंसाला २,२०० डॉलरच्या वर गेले. शरदात मंदी आली, मोटारींचा खप कोसळला आणि वर्ष संपण्याआधी भाव ८०० डॉलरच्या खाली होता. ऱ्होडियम त्याच वर्षी १०,००० डॉलरला टेकून हजाराच्या आसपास आले. २०२१ मध्ये तेच ऱ्होडियम २९,००० डॉलरच्या घरात होते आणि २०२३ मध्ये ५,००० च्या खाली. पॅलेडियम मार्च २०२२ मध्ये ३,००० डॉलर ओलांडून दोन वर्षांत हजाराच्या आत आले. वीस वर्षे चालणाऱ्या खाणीसाठी यातला कोणता भाव धरायचा? अनुभवी मूल्यमापक उंचीचा भाव धरतच नाही. तो विचारतो की तळाच्या भावात ही खाण किती महिने पगार देऊ शकेल.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली स्टिलवॉटर खाण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिथल्या दगडात टनाला बुशवेल्डच्या काही पट धातू आहे, पण त्यात पॅलेडियमचे प्रमाण जास्त. भाव कोसळल्यावर २०२४ मध्ये मालक कंपनी सिबान्ये-स्टिलवॉटरने उत्पादन कापले आणि शेकडो कामगार कमी केले. चांगली प्रतही चुकीच्या टोपलीतून वाचवत नाही.

लॉनमिन या कंपनीची कहाणी याहून बोलकी आहे. ऑगस्ट २००८ मध्ये एक्स्ट्राटा या खाण कंपनीने तिला सुमारे ५ अब्ज पौंडांना विकत घेण्याची तयारी दाखवली होती. भाव कोसळू लागताच तो बेत सोडून दिला. नंतर २००९, २०१२ आणि २०१५ अशा तीन वेळा भागधारकांनी कंपनीत नवा पैसा ओतला. मधल्या काळात, १६ ऑगस्ट २०१२ रोजी, मारिकाना येथे संपावरच्या ३४ खाण कामगारांचा पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला. २०१४ मध्ये प्लॅटिनम पट्ट्यातला संप पाच महिने चालला. पुढच्या वर्षी डिझेल मोटारींच्या धुराचा घोटाळा उघड झाला आणि डिझेलशी बांधलेल्या प्लॅटिनमची मागणी घसरली. डिसेंबर २०१७ मध्ये सिबान्येने या कंपनीसाठी जो देकार दिला तो होता सुमारे २८.५ कोटी पौंडांचा, आणि २०१९ मध्ये विक्री पूर्ण झाली. या सगळ्या काळात जमिनीखालचा रीफ कुठे गेला नव्हता.

मारिकाना ही जोखमीच्या तक्त्यातली ओळ म्हणून लिहिता येईल, पण ती तेवढीच नाही. अरुंद फटीत, उकाड्यात, हाताने ड्रिल चालवणाऱ्या माणसांवर ज्या खाणीचे अर्थशास्त्र उभे असते, तिथे मजुरीचा प्रश्न हिशेबाच्या बाहेरचा धरला की हिशेबच खोटा ठरतो. घरे, पाणी, वेतन यांवरचा खर्च वाचवून काढलेला नफा पुढे कधीतरी संपात किंवा रक्तात फिटतो. सुरक्षिततेचेही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये इम्पाला या कंपनीच्या रस्टेनबर्ग इथल्या ११ क्रमांकाच्या शाफ्टमध्ये कामगारांची लिफ्ट कोसळून १३ जण गेले. खोल खाणीत माणसे आणि माल यांची ये-जा शाफ्टवर असते; तिथे काही बिघडले की पोटापाण्याची आणि जिवाची वाट एकदमच अडते.

विदर्भात काय आहे

महाराष्ट्राला जमिनीखालची धातूखाण नवीन नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात चिकला, गुमगाव, कांद्री, मनसर या मॉइल कंपनीच्या खदानींत मँगनीज जमिनीखालून काढतात. पण तिथला माल वेगळा. मँगनीजच्या धातुकात शंभरातले तीस-चाळीस भाग धातूच असतो, तो टनावारी विकला जातो आणि पोलाद व मिश्रधातूंचे कारखाने देशातच आहेत. वीतभर निकामा दगड मिसळला तर प्रत घसरते, पण धंदा बुडत नाही. प्लॅटिनमला अशी सैल जागा नाही.

आणि साठा? भारतात प्लॅटिनम गटाच्या धातूंची नोंदलेली साधनसंपत्ती सुमारे १६ टन धातूची आहे. बहुतेक ओडिशातल्या बौला-नुआसाही, सुकिंदा, नीलगिरी या क्रोमाइटच्या भागात आणि थोडी कर्नाटकातल्या हनुमलापुरात. दक्षिण आफ्रिकेचा साठा ६३,००० टनांच्या आसपास मोजला जातो. वर मांडलेली कल्पित खाण वर्षाला चार टन धातू दगडासकट उपसते; आपली देशभरातली सगळी नोंद एका ठिकाणी गोळा केली तरी ती चार वर्षांत संपेल. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी भागातल्या हेटी इथे तांबे, निकेल आणि त्यांच्याबरोबर प्लॅटिनम गटाचे धातू असलेले सल्फाइड भूवैज्ञानिकांनी नोंदवले आहेत. अशा ठिकाणी प्लॅटिनम मुख्य पीक म्हणून पाहायचे नसते. तांबे-निकेलने खर्च भागवला तर प्लॅटिनम वरकड.

या धातूंना केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या यादीत घेतले आणि त्याच वर्षी कायदा बदलून अशा खनिजांच्या पट्ट्यांचे लिलाव स्वतःकडे घेतले. लिलावात बोली लागते ती काढलेल्या खनिजाच्या किमतीच्या टक्केवारीवर. इथे एक बारीक धोका आहे. ही टक्केवारी विक्रीवर बसते, नफ्यावर नाही. आपल्या कल्पित खाणीने ८६७ कोटींवर केवळ १० टक्के बोली लावली असती, तर २१७ कोटींच्या शिल्लकीतले ८७ कोटी तिथेच गेले असते, आणि तोट्याच्या वर्षीही ते द्यावेच लागले असते. पहिल्या फेऱ्यांत अनेक पट्ट्यांना पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. कच्च्या माहितीवर पक्की टक्केवारी बोलायला खाणवाले कचरतात, यात नवल नाही.

खाणीला आणखी एक प्रतिस्पर्धी आहे, तो जमिनीवरचा. वापरून झालेला कॅटॅलिस्ट, जुनी प्लॅटिनमची जाळी, भंगारात निघालेला कन्व्हर्टर यांत टनामागे धातूचे प्रमाण रीफच्या शेकडो पट असते. जगाच्या प्लॅटिनम पुरवठ्यात पुनर्प्राप्तीचा वाटा साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतका आहे. भारत सरकारने २०२५ मध्ये महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्प्राप्तीसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. भाव चढला की हा माल आधी बाजारात येतो, कारण त्याला शाफ्ट लागत नाही. म्हणजे नव्या खाणीला जे महाग दिवस हवे असतात, ते आखूड करण्याचे काम भंगारवालाच करतो.

स्वस्त नकार

कोकणात विहीर खणणाऱ्याला ठाऊक असते की पैसे आधी मोजायचे असतात आणि पाणी लागले की नाही ते नंतर कळते. खोल खाणीत हेच तीन पायऱ्यांनी होते. पैसा आधी जातो, दगडाची खरी माहिती भुयार पोचल्यावर मिळते आणि भाव त्याहून उशिरा, दुसऱ्याच देशात ठरतो. हा क्रम बदलता येत नाही. पण प्रत्येक टप्प्यावर किती पैसा पणाला लावायचा ते ठरवता येते.

आपल्याकडे शोधाचे चार टप्पे मानले जातात. जी-४ म्हणजे ओझरती पाहणी, जी-३ प्राथमिक, जी-२ सर्वसाधारण आणि जी-१ तपशीलवार. प्रत्येक टप्प्याला विवरे जवळजवळ येतात, खर्च वाढतो आणि अज्ञान घटते. खाणीचे मूल्यमापन म्हणजे शेवटी एकच हिशेब लिहिणे नव्हे. प्रत्येक टप्प्यावर तो नव्याने लिहून पुढचा टप्पा घ्यावा का, एवढेच ठरवणे. जी-३ वर काही विवरांच्या खर्चात मिळालेला नकार हा या धंद्यातला सर्वांत फायद्याचा सौदा असतो. तोच नकार शाफ्ट खोदून झाल्यावर मिळाला तर त्याची किंमत १,५०० कोटी.

म्हणून एखाद्या पट्ट्याचा अहवाल हातात आला तर भावाच्या आलेखाआधी काही गोष्टी शोधाव्यात. रीफ किती जाड, आणि किती उंचीने काढणार? हाती लागणारा धातू प्रत्यक्ष चाचणीतून मोजला की दुसऱ्या खाणीवरून धरला? माल कोण गाळणार आणि किती ठेवणार? टोपलीत कोणता धातू किती? मुदत दोन वर्षे लांबली आणि भाव तळाला गेला, असे दोन्ही एकदम झाले तर पगार कुठून? खाण बंद करताना पाणी, गिरणीचा गाळ आणि खड्डे यांचा खर्च कोणाच्या खाती? ज्या अहवालात या प्रश्नांसमोर आकडे आहेत, तो उणे मूल्य दाखवत असला तरी उपयोगाचा. ज्यात भव्य साठा आणि चढता भाव एवढेच आहे, त्यावर सही करण्याआधी आणखी चार विवरे घ्यावीत.